कुसळ

त्सखाल्तुबोच्या बंद पडलेल्या आरोग्यधामात
शूटिंगचा एकोणिसावा दिवस.
नायिका सकाळपासून सहा वेळा मेली
आणि दर मरणानंतर उठून
अर्धं बिस्कीट खाल्लं.

माझं काम मरणाच्या आजूबाजूचं.
दोरीवर वाळत टाकलेले रक्ताचे शर्ट,
वायरींवर पाय पसरून घोरणारा मेकअपवाला,
सहाव्या वेळीही खरंच रडलेली स्क्रिप्टवाली पोरगी.
दिवसाचे दीडशे लारी, जेवण त्यांचं, कॅमेरा माझा,
विमा कुणाचाच नाही.
कॅमेरा जुना आहे. गोधडीत गुंडाळला तरी खोकतो,
आणि साउंडवाला बद्री असा बघतो
की जणू मीच तिला मारलं.

पोर्ट्रेट दुपारी, जेवणाच्या सुट्टीत.
खिडकीशी म्झेविनार बाई (वय विचारायचं नाही),
समोर ओतिया, रिफ्लेक्टर धरून.
थोडा डावीकडे, ओतिया. खाली.
हं, आता श्वास घेऊ नकोस.
तो खरंच घेत नसे.

रात्री कुताइसीत, चौथ्या मजल्यावर,
शेजारच्यांचा टीव्ही झोपल्यावर मी बसते.
बाईंच्या हनुवटीखालची सावली उचलायची.
भिंतीचा हिरवा त्यांच्या मानेवर उतरलाय,
तो भिंतीला परत करायचा.
कडेला आलेलं कोपर कापायचं.
ते कोपर नेहमी ओतियाचं.
कोपर, नाहीतर बुटाचं टोक, नाहीतर
चिकटपट्टीचं रिंगण बांगडीसारखं घातलेलं मनगट.
चौकट दोन बोटं आत घेतली
की तो नसतोच.

निर्मात्याचा निरोप आला: पोस्टरसाठी सत्तेचाळीस नंबर.
फक्त डाव्या डोळ्यात काहीतरी काळं आहे, ते काढ.
काढलं. चार मिनिटांचं काम.
बिलात वेगळं लावलंसुद्धा नाही.

मार्चमध्ये त्याची आई आली, त्सियाला.
पिशवीत आंबट आलुबुखाराच्या चटणीची बाटली.
तो पोलंडला गेलाय, कुठल्याशा गोदामात.
फोन आधी दर रविवारी यायचा,
मग एखाद्या रविवारी.
घरात फोटो आहे तो सातवीतला.
"तू तर रोज काढायचीस म्हणे.
एक दे. मोठा झालेला."

चार हजार दोनशे सोळा फ्रेम्स.
कोपर. बूट. पाठ. पाठ.
चेहरा वळतोय तिथे कुणाची तरी छत्री आडवी.
ती माझ्यामागे बसून चहा ढवळत होती,
साखर केव्हाच विरघळली होती.

मग सत्तेचाळीस. मूळची, न धुतलेली.
डावा डोळा. दोनशे टक्के, चारशे, आठशे.
बुबुळात एका बाजूला खिडकी,
दुसऱ्या बाजूला पांढरा चौकोन,
चौकोनाच्या वर कुसळाएवढं कुणीतरी.
नाक नाही, तोंड नाही,
करड्या रंगाचे बावीस-तेवीस ठोकळे.

मी म्हणणार होते, हे चालायचं नाही,
छापलं तर नुसता धूर येईल.
ती स्क्रीनपाशी वाकली. चष्मा कपाळावर सारला.
"खांदा बघ, एक खाली.
अक्रोडावरून पडला होता आठ वर्षांचा असताना,
डॉक्टरनं नीट बसवलाच नाही."
आणि मग, जरा रागावूनच,
"जेवला होता का हा तेव्हा?"

जेवणाचीच सुट्टी होती ती.
मी हो म्हणाले.

प्रिंट हळूहळू बाहेर येत होती,
कागदभर तो एक डोळा.
त्सियालानं विचारलं, ही बाई कोण?
नटी आहे, म्हटलं.
"हिला काढता येतं का?"

येतं. चार मिनिटांचं काम.
पण मग तो उभा कुठे राहील?